मार्शलचं प्यादं

इंटर-कॉलेज बुद्धिबळ स्पर्धेच्या आदल्या रात्री मी एका ज्युनिअरला चुकीचा सल्ला दिला. तो सल्ला माझा नव्हताच, माझ्या लॅपटॉपचा होता, असं मी पुढे दोन महिने स्वतःची समजूत घालत होतो. पण लॅपटॉपला स्पर्धेत कोणी उभं करत नाही. हरला तो मुलगा.

त्याचं नाव इथे देत नाही, मेसमध्ये त्याला आधीच पुरेसं छळलं जातं. सांगलीचा आहे एवढं सांगतो. सांगलीत पोरांच्या हातात बॅटच्या आधी प्यादं येतं असं त्याचं म्हणणं, आणि त्याचा खेळ बघितला की पटतंही. काळ्या सोंगट्या घेऊन तो एक ओपनिंग खेळायचा, मार्शल अटॅक. त्या रात्री अकराच्या सुमारास तो पट घेऊन माझ्या रूमवर आला आणि हे उद्या खेळू का, जरा मशीनवर बघून सांग, म्हणाला. एका पासआउट सीनिअरच्या पेनड्राइव्हवरून कॉपी केलेलं एक जुनं इंजिन माझ्याकडे होतं. मी पोझिशन लावली, दोन मिनिटं थांबलो. आकडा आला: पांढरा अर्ध्या प्याद्याहून जास्त पुढे. मी कॉम्प्युटर ब्रँचच्या माणसाला शोभेल अशा आवाजात निकाल दिला की हे ओपनिंग मुळातच चुकीचं आहे, खेळू नकोस.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीत नेमकी तीच पोझिशन पटावर आली. तो थबकला आणि माझं ऐकून एक साधी, आधी कधी न खेळलेली चाल खेळला. पुढचे तीन तास गुऱ्हाळात ऊस पिळावा तसा पिळून निघाला. मला तो एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणून मग हा मार्शल कोण, आणि त्याला एवढी साधी चूक कशी दिसली नाही, हे मी शोधायला लागलो.

ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, फक्त पुढचं भांडण कशावरून आहे ते कळणार नाही. पांढरा राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवतो, काळाही सरकवतो. दोघांचे घोडे बाहेर येतात आणि पांढऱ्याचा उंट बी-५ वर येऊन काळ्याच्या घोड्यावर डोळा ठेवतो. ही रुय लोपेझ. ज्या स्पॅनिश धर्मगुरूच्या नावाने ती ओळखली जाते त्याचं पुस्तक १५६१ सालचं आहे, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायलाही अजून बराच अवकाश होता. पुढे दोघेही कॅसलिंग करतात आणि आठव्या चालीला पांढरा सी-३ खेळून मधला भाग बळकवायच्या तयारीला लागतो. इथे सरळमार्गी माणूस डी-६ खेळून आपलं ई-५ वरचं प्यादं सांभाळतो. मार्शल अटॅकमध्ये काळा ते प्यादं दोन घरं ढकलतो: डी-५. मारामारी होते आणि काळ्याचं मधलं प्यादं चक्क फुकट जातं. हिशेबाच्या वहीत पांढरा एकाने पुढे. पण ते प्यादं खाण्याच्या नादात त्याच्या राजाचा पहारेकरी घोडा पटावरून गेलेला असतो, एक हत्ती एकटाच मैदानात येऊन उभा असतो आणि वजिराच्या बाजूचा सगळा संसार, म्हणजे हत्ती, घोडा, उंट, घरात झोपलेला असतो. काळ्याचे दोन्ही उंट आणि वजीर तेवढ्यात राजाच्या दारात येतात.

फ्रँक मार्शल १० ऑगस्ट १८७७ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मला. आठ वर्षांचा असताना घरचे कॅनडात मॉन्ट्रियलला गेले आणि एकोणीस वर्षांचा होईपर्यंत तो तिथेच होता. वडिलांनी दहाव्या वर्षी पट समोर ठेवला. त्यानंतर त्याने आयुष्यात दुसरं काही केल्याचं मला तरी सापडलं नाही. इंजिनिअरिंगची डिग्री नाही, नोकरी नाही, बॅकअप प्लॅन नाही. बुद्धिबळावर पोट भरणं तेव्हा आजच्याहून कठीण होतं. बक्षिसं तुटपुंजी, म्हणून गावोगाव फिरून एकाच वेळी अनेकांशी खेळायचे प्रयोग करायचे आणि त्यावर घर चालवायचं. १९२२ मध्ये मॉन्ट्रियलमध्येच तो एकाच वेळी १५५ जणांशी खेळला. १२६ डाव जिंकला, २१ बरोबरीत सुटले, फक्त ८ हरला. आपल्याला सबमिशनच्या आठवड्यात पाच विषयांची जर्नल्स एकदम सांभाळताना काय होतं ते आठवा.

१९०० साली पॅरिसच्या स्पर्धेत या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने जगज्जेत्या लास्करला हरवलं. लास्कर ती स्पर्धा जिंकला, पण त्याला हरवणारा एकटा मार्शल. १९०४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या केंब्रिज स्प्रिंग्ज या गावी तर कमाल झाली. १५ पैकी १३ गुण, एकही डाव न हरता पहिला, आणि लास्कर दोन गुणांनी मागे. सगळ्यांना वाटलं, आता हाच पुढचा जगज्जेता.

तसं झालं नाही. १९०७ मध्ये लास्करविरुद्ध जगज्जेतेपदाचा सामना झाला. मार्शल आठ डाव हरला, सात बरोबरीत सोडवले, जिंकला एकही नाही. दोन वर्षांनी त्याच्यासमोर वीस वर्षांचा एक क्यूबन मुलगा बसला, होजे राउल कापाब्लांका. हा आपल्यापैकीच म्हणायचा, कारण कोलंबिया विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंगसाठी दाखल झाला होता आणि बुद्धिबळापायी सोडून आला होता. २३ डावांच्या त्या सामन्यात मार्शल आठ हरला, एक जिंकला, बाकी चौदा बरोबरीत.

इथे माणसाची परीक्षा होते. देशातला अव्वल खेळाडू एका ड्रॉपआउट पोराकडून एवढा मार खातो, तेव्हा तो काय करील? मार्शलने त्या पोराची शिफारस केली. १९११ मध्ये स्पेनमधल्या सान सेबास्तियानच्या स्पर्धेत फक्त नाणावलेल्या खेळाडूंना प्रवेश होता आणि काही जणांनी कापाब्लांकाच्या नावाला नाकं मुरडली. त्याला घ्यायलाच हवं असा आग्रह मार्शलने धरला. कापाब्लांका आला आणि थेट पहिला आला. अशा माणसाने रचलेल्या हल्ल्याला मी दोन मिनिटांत निकालात काढलं होतं.

मार्शलचा खेळ मात्र स्वभावाच्या अगदी उलट, गुंडगिरीचा. हरत आलेला डाव काहीतरी चालबाजी करून फिरवण्यात त्याचा हातखंडा होता आणि १९१४ मध्ये त्याने अशा डावांचं पुस्तकही काढलं, शीर्षकातच स्वतःच्या चालबाजीची जाहिरात करून. १९१२ मध्ये ब्रेस्लाव येथे लेवित्स्कीविरुद्ध त्याने आपला वजीर अशा घरात नेऊन ठेवला की तो तीन प्रकारे मारता येत होता आणि तिन्ही प्रकारे मारणाऱ्याचंच वाटोळं होत होतं. प्रेक्षकांनी पटावर सोन्याची नाणी उधळली अशी कथा आहे. तिच्यावर अभ्यासक विश्वास ठेवत नाहीत. वजीर मात्र खरोखर तिथे गेला होता, डाव आजही खेळून बघता येतो.

आता ऑक्टोबर १९१८. न्यूयॉर्कची स्पर्धा. कापाब्लांका पांढरा, मार्शल काळा. आठव्या चालीला डी-५. दंतकथा सांगते की १९०९ च्या पराभवानंतर मार्शलने हे अस्त्र गुपचूप तयार केलं आणि फक्त कापाब्लांकासाठी इतकी वर्षं दडवून ठेवलं. ऐकायला झकास आहे, पण १९१७ साली मार्शल हेच ओपनिंग फ्रेअर नावाच्या खेळाडूशी खेळल्याची नोंद सापडते. म्हणजे अस्त्र म्यानातून आधीच एकदा बाहेर आलं होतं. तरीही त्या दिवशी कापाब्लांकासाठी ते पूर्ण नवीन होतं आणि पलीकडच्याने घरी अभ्यास करून आणलाय हे त्याला कळत होतं. पुढे त्याने लिहिलंही की प्यादं खाण्याआधी तो थोडा थांबला, आता आपल्यावर भयंकर हल्ला होणार आणि त्यातली प्रत्येक वाट समोरच्याला पाठ असणार हे त्याला ठाऊक होतं, पण लढायची खुमखुमी उसळून आली. खाल्लं त्याने प्यादं.

मग मार्शल तुटून पडला. उंट डी-६ वर, घोडा जी-४ वर, वजीर एच-४ वर, आणि पंधराव्या चालीला घोड्याने राजाजवळचं एफ-२ चं प्यादं मारलं. तो घोडा फुकट दिसतो. कापाब्लांकाने वजिराने मारला असता तर उंटाचा शह, मग तोच उंट जी-३ वर, आणि पांढरा संपला असता. मजा म्हणजे त्याच जागी काळ्याने शह न देता उंट सरळ जी-३ वर नेला, तर उलट पांढराच वजिराचा बळी देऊन दोन चालींत मात करतो. एका चालीच्या क्रमावर अख्खा डाव! कापाब्लांकाने वजिराला हात न लावता हत्ती ई-२ वर आणला. हल्ला सोसत त्याचा राजा पटाच्या मधून चालत पार सी-२ पर्यंत पळाला आणि तिथे सुखरूप बसला. मार्शलच्या सोंगट्या राजाच्या मोकळ्या वाड्यात अडकून पडल्या. पांढऱ्याची बी-फाइलवरची प्यादी धावली आणि छत्तिसाव्या चालीला खेळ आटोपला. स्पर्धाही कापाब्लांकानेच जिंकली.

एवढ्या तयारीने आणलेली गोष्ट पहिल्याच मोठ्या परीक्षेत सगळ्यांसमोर फसली. मी असतो तर ते ओपनिंग पुन्हा तोंडावर आणलं नसतं. मार्शलने चूक कुठे आहे ते शोधलं. अकराव्या चालीला त्याने घोडा एफ-६ वर मागे घेतला होता. त्याऐवजी घोडा मधोमध डी-५ वरच ठेवायचा आणि सी-६ चं प्यादं सरकवून त्याला आधार द्यायचा, ही सुधारणाही त्याच्याच नावावर जमा आहे. आज मार्शल अटॅक म्हणतात तो हा.

आता माझ्या लॅपटॉपकडे येतो. आमच्या ब्रँचच्या सरांना मिनी प्रोजेक्टसाठी मी हाच विषय दिला आणि जुन्या इंजिनचा आकडा अभिमानाने पुढे ठेवला. सरांना बुद्धिबळात फारशी गती नाही. त्यांनी एवढंच विचारलं की किती वेळ चालू ठेवलं होतंस? दोन मिनिटं, म्हणालो. सर काही न बोलता पुढच्या ग्रुपकडे वळले.

इंजिन म्हणजे तसं साधं प्रकरण आहे. आपल्या चाली, त्यावर समोरच्याच्या चाली, त्यावर परत आपल्या, असं झाड वाढवत न्यायचं. ज्या फांदीत दम नाही ती अल्फा-बीटाने छाटायची. ठरावीक खोलीवर पोचलं की शेंड्यावरच्या प्रत्येक पोझिशनला मार्क द्यायचे आणि ते खालपर्यंत आणायचे. जुन्या इंजिनांची मार्क द्यायची पद्धत माणसांनीच लिहिलेली असायची: प्याद्याला एवढे, हत्तीला एवढे, राजा उघडा असेल तर एवढे वजा. प्यादं जास्त आहे हे त्याला पहिल्या सेकंदाला दिसतं. राजावरचा हल्ला पंचवीस चालींनंतर कुठे पोचणार आहे, हे त्याच्या क्षितिजापलीकडे असतं. म्हणून मार्शलसारख्या ओपनिंगमध्ये असं इंजिन आधी दुकानदारासारखं वागतं, गल्ल्यातलं मोजतं आणि खूश होतं.

हाच दोन मिनिटांचा घोळ माझ्याहून फार मोठ्या माणसाने केला होता हे कळलं तेव्हा खरं सांगतो, जरा बरं वाटलं. २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये ब्रिसागो येथे क्रामनिक आणि हंगेरीचा पीटर लेको यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना झाला. आठव्या डावात लेको मार्शल अटॅक खेळला. क्रामनिकच्या चमूने संगणकावर एक वाट तयार करून आणली होती: चोविसाव्या चालीला हत्तीच्या बदल्यात चक्क वजीर द्यायचा, आणि मग ए-६ वर पोचलेलं प्यादं पुढे पळवून नवा वजीर करायचा. संगणकाला ते फार आवडलं होतं. तेच यंत्र आणखी काही मिनिटं चालू ठेवलं असतं तर त्यानेच मत बदललं असतं. ते कोणी चालू ठेवलं नाही. लेकोकडे पटावर यंत्र नव्हतं. तो विचार करत बसला आणि पंचविसाव्या चालीला वजीर डी-३ वर नेऊन ठेवला. शह नाही, मारामारी नाही, एक शांत चाल. त्यावर पांढऱ्याकडे इलाज नव्हता. बत्तिसाव्या चालीनंतर क्रामनिकने डाव सोडला. पुढे शेवटचा चौदावा डाव जिंकून त्याने सात-सात बरोबरी साधली आणि जगज्जेतेपद कसंबसं राखलं. म्हणजे मार्शलच्या या प्याद्याने १९१८ मध्ये हरून ८६ वर्षांनी जवळजवळ एक मुकुट खाली पाडला होता.

दरम्यानच्या काळातही हे ओपनिंग स्वस्थ बसलेलं नव्हतं. १९६५ च्या कँडिडेट्स फायनलमध्ये स्पास्कीने मिखाईल तालविरुद्ध ते वापरलं आणि हल्ल्याचा बादशहा असलेल्या तालला त्यातून काही काढता आलं नाही. कास्पारोव्ह पांढऱ्याने खेळताना याच्या वाटेला जायचं टाळायचा. आठव्या चालीला सी-३ न खेळता ए-४ किंवा एच-३ खेळून बगल द्यायची, या पद्धतीला नावच अँटी-मार्शल पडलंय. हरलेल्या डावातल्या चालीला चुकवण्यासाठी लोकांनी वेगळी शाखा काढली, हे मला तरी दुसऱ्या कुठल्या पराभवाबद्दल माहीत नाही.

२०२० मध्ये स्टॉकफिश या फुकट मिळणाऱ्या इंजिनमध्ये न्यूरल नेटवर्क आलं. ती कल्पना मुळात जपानी शोगी या खेळासाठी यू नासू यांनी २०१८ मध्ये काढलेली. आता मार्क द्यायची पद्धत माणूस लिहीत नाही, यंत्र असंख्य पोझिशन्स बघून स्वतः शिकतं. सरांच्या त्या प्रश्नानंतर मी नवं इंजिन उतरवून घेतलं, अकराव्या चालीची पोझिशन लावली आणि लॅपटॉप रात्रभर चालू ठेवून झोपलो. रूममेटने पंख्याच्या आवाजाबद्दल बऱ्याच शिव्या घातल्या. मार्शलच्या मूळ घोडा एफ-६ ला नवं इंजिनही माफ करत नाही, पांढरा स्पष्ट वरचढ. म्हणजे कापाब्लांका बरोबर होता. पण सी-६ नंतर आकडा शून्याला टेकल्यासारखा झाला आणि सकाळपर्यंत तिथेच रेंगाळत होता. म्हणजे मार्शलही बरोबर होता.

शून्य आकड्याबद्दलही एक गैरसमज काढून टाकायला हवा. शून्य म्हणजे कंटाळवाणी बरोबरी नव्हे. दोघेही यंत्रासारखे अचूक खेळले तर बरोबरी, एवढाच त्याचा अर्थ. हॉस्टेलमध्ये रात्री साडेबाराला, मेसचं जेवण पोटात असताना, ज्याच्या राजावर वजीर आणि दोन उंट चालून येतायत त्याला त्या शून्याचा काहीही उपयोग नाही. आणि यातला एक विनोद मार्शलला आवडला असता की नाही, मला ठरवता येत नाही: वरच्या पातळीवर सगळ्यांनी घरी यंत्रावर एवढा अभ्यास केलाय की आज हे ओपनिंग काळ्याने पक्की बरोबरी मिळवायचं साधन म्हणून ओळखलं जातं. आयुष्यभर बरोबरीचा कंटाळा असलेल्या माणसाचं नाव त्याला लागलंय!

मार्शल १९०९ पासून १९३६ पर्यंत अमेरिकेचा विजेता होता. १९३१ ते १९३७ दरम्यान अमेरिकेने ऑलिंपियाडमध्ये चार सुवर्णपदकं मिळवली, त्या चारही संघांत तो होता. शेवटच्या वेळी साठीला टेकला होता. १९१५ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये एक बुद्धिबळाचा अड्डा सुरू केला, तोच पुढे मार्शल चेस क्लब झाला आणि १९३१ पासून दहाव्या रस्त्यावरच्या एका जुन्या घरात आहे. १९५६ मध्ये तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्धचा तो गाजलेला डाव तिथेच खेळला. १९६५ मध्ये अमेरिकन सरकारने फिशरला क्यूबाला जाऊ दिलं नाही, तेव्हा हवानातली कापाब्लांकाच्या नावाची स्पर्धा तो याच क्लबमध्ये बसून टेलेक्सवरून खेळला. मार्शलने हे काही पाहिलं नाही. ९ नोव्हेंबर १९४४ रोजी जर्सी सिटीत तो गेला. पत्नी कॅरोलाइनने पुढे बरीच वर्षं क्लब सांभाळला.

प्रोजेक्टला सरांनी बरे मार्क दिले. ते प्रिंटआउट घेऊन मी त्या ज्युनिअरच्या रूमवर गेलो आणि माझं चुकलं म्हणालो. त्याने कागद उलटसुलट बघितले, शेवटच्या पानावरचं शून्य बघितलं आणि हे मला सांगलीतच माहीत होतं असं शांतपणे सांगितलं. मग माझं का ऐकलंस, असं विचारल्यावर तू सीनिअर आहेस ना, म्हणाला.

पट मांडलेलाच होता. मी पांढऱ्या सोंगट्या घेतल्या. सात चाली पटापट झाल्या. अँटी-मार्शल खेळायची सोय होती, पण लाज वाटली. सी-३ खेळलो. त्याने माझ्याकडे बघितलं, कोपऱ्यातला लॅपटॉप बंद आहे ना तेही बघून घेतलं, आणि डी-५ ढकललं.

साडेबाराच्या आधी मी हरलो होतो.